मदत हवी आहे: आओस्ता खोऱ्यातले किल्ले, दोन दिवस, सोबत आई-बाबा

सप्टेंबरअखेरीस तोरिनोहून (वायव्य इटली) आओस्ता खोऱ्यात दोन दिवस जायचंय. आई-बाबा सत्तरीच्या घरात, आईचे गुडघे कुरकुरतात. यादीत बार्द, वेर्रेस, इसोन्ये, फेनिस, सार्र आणि आयमाविल आहेत. सगळं होईल का? अ‍ॅपवर तोरिनो–आओस्ता टाकलं की मध्येच बस दाखवतंय, ते काय प्रकरण आहे? आणि दोघंही शाकाहारी आहेत.

वाटसरू

सहा नको, तीन करा. अंतरं किरकोळ आहेत, पण फेनिस आणि इसोन्ये मोकळेपणी फिरता येत नाहीत. ठरलेल्या वेळेला गट आत सोडतात, फेनिसला एका गटात जास्तीत जास्त २५ माणसं. शनिवार-रविवारी दारावर तिकीट काढायला गेलात तर पुढची वेळ दीड-दोन तासांनी मिळते आणि दिवसाचं गणित तिथेच फिसकटतं. ऑनलाइन वेळ आधी घ्या, बाकीचं तिच्याभोवती बसवा. माहिती बहुधा इटालियनमधून सांगतात, तेव्हा आदल्या रात्री थोडं वाचून जा.

पहिला दिवस खालच्या खोऱ्याला द्या: दोन्नास (तिथे जुना रोमन रस्ता आहे), बार्द, जेवण, मग दुपारी तीनच्या सुमारास इसोन्ये. मुक्काम आओस्ता शहरात. दुसऱ्या दिवशी फेनिसचा सकाळचा पहिला गट आणि मग दिवसभर आओस्ता.

वेर्रेस आईंसाठी नको. १३९० सालचा तो दगडी ठोकळा आहे, एकेक बाजू सुमारे ३० मीटर. गावातून चढ चढायचा आणि आत पुन्हा दगडी जिने. इसोन्येला जाताना खालून दिसतोच. बाबांना फारच हौस असेल तर ते एकटे चढतील.

बार्दला उलट काचेच्या लिफ्ट आहेत, एकीतून उतरून दुसरीत चढत थेट माथ्यावर. आत्ताचा किल्ला १८३० ते १८३८ मधला. आधीचा नेपोलियनने पाडला, कारण मे १८०० मध्ये तिथल्या चारेकशे ऑस्ट्रियन सैनिकांनी त्याची अख्खी फौज सुमारे दोन आठवडे अडकवून ठेवली होती. चाकांना गवत गुंडाळून तोफा रात्री खालच्या गल्लीतून काढाव्या लागल्या. ती गल्ली नक्की चाला, खोऱ्याचा गळा तिथे किती अरुंद आहे ते कळतं. किल्ल्यातली संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

चाकोरी

दोन्नास बहुतेक जण गाडीतूनच बघतात आणि चुकतात. रोमनांनी तिथे कडा उभा तासून रस्ता काढलाय, २२१ मीटरचा तुकडा शिल्लक आहे. मध्ये खडकातच कोरलेली कमान आहे आणि खाली फरसबंदीवर चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत. बाजूला मैलाचा दगड, आओस्तापासून ३६ रोमन मैल. तिकीट नाही, अर्धा तास पुरतो. पाऊस पडून गेला असेल तर त्या फरशा भयंकर निसरड्या होतात, आईंना हात द्या.

बदली बसचं: इव्रेया–आओस्ता रेल्वेमार्ग जानेवारी २०२४ मध्ये विद्युतीकरणासाठी बंद केला, म्हणून इव्रेयापुढे बस. बसने करायचं तर एका दिवसात एकच किल्ला धरा. वेर्रेस स्टेशनहून इसोन्ये नदीपलीकडे, सपाट चाल. फेनिससाठी नूसला उतरून सुमारे २ किमी. पण तुम्ही तिघं आहात, तर भाड्याची गाडीच घ्या. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो निघण्याआधी आरटीओतून काढायचा. ए-५ महामार्गाचा टोल सणसणीत आहे. खोऱ्यात शिरल्यावर एसएस-२६ धरा, फुकट आहे आणि गावागावांतून जातो. आओस्ताच्या जुन्या भागात झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत शिरू नका. कॅमेरा फोटो काढतो, दंड येतो आणि गाडीवाले त्यावर स्वतःचं शुल्क वेगळं लावतात.

धागाकर्ते

फेनिस आणि इसोन्येला जिने किती? आईला बाहेर बसवावं लागेल का?

वाटसरू

लिफ्ट दोन्हीकडे नाही. पण अंगण चुकवू नका, दोन्ही ठिकाणी अर्धी मजा तिथेच आहे. फेनिसच्या अंगणात अर्धगोल पायऱ्यांच्या वर संत जॉर्ज आणि ड्रॅगनचं भित्तिचित्र आहे, खालूनच छान दिसतं. इसोन्ये बाहेरून आपल्याकडच्या वाड्यासारखं, रस्त्याला पाठ करून बसलेलं. आत चौकात लोखंडी डाळिंबाच्या झाडाचं कारंजं आणि पडवीच्या कमानींखाली पंधराव्या शतकाच्या शेवटची बाजारपेठ: बेकरी, खाटीक, शिंपी, औषधवाला, भाजीबाजार. पहारेकऱ्यांच्या चित्रात शस्त्रं भिंतीला टांगलेली आणि मंडळी खेळात रमलेली. भिंतींवर जुन्या पाहुण्यांनी आणि नोकरांनी खरडलेला मजकूरही आहे. आपण त्यात भर घालायची नाही. आत जाताना कर्मचाऱ्यांना सांगून ठेवा, वरच्या मजल्याच्या वेळी आईंना खाली थांबता येईल का ते तेच सांगतील.

पोटोबा

जेवण साडेबाराला उरका, दोन-अडीचला स्वयंपाकघरं बंद होतात ती संध्याकाळी सातनंतरच उघडतात. पोलेंता कोंचा मागा: मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, त्यात फोंतीना चीज आणि लोणी. मात्र फोंतीनाला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा पदार्थ) वापरतात, ते चालत नसेल तर 'सेन्झा फोरमाज्जो', म्हणजे चीज नको, म्हणायचं. सेउपा वालपेलिनेन्त्से ब्रेड-कोबी-चीजचं दिसतं पण त्यात मांसाचा रस्सा असतो, ते टाळा. आर्नादचं लार्दो म्हणजे डुकराची चरबी, मधाबरोबर ताटलीत पातळ पांढरे काप येतात, चीज समजून उचलू नका.