मदत हवी आहे: पऱ्हाटीचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) भुगा डांबरात टाकला, खडी उघडी पडून राहिली

चोपड्याचा_सिव्हिल:
नमस्कार मंडळी, डिप्लोमा सिव्हिल लास्ट इयरला आहे, गाव चोपडा तालुक्यात, कॉलेज जळगावला. प्रोजेक्टचा विषय मीच हट्टाने घेतलाय, डांबरात वनस्पतीचा माल मिसळून रस्ता. डिसेंबर 2024 मध्ये नागपूर-मनसर बायपासवर लिग्निनवाल्या बायो-बिटुमनच्या, म्हणजे वनस्पतीचा माल मिसळलेल्या डांबराच्या पट्ट्याचं गडकरींनी उद्घाटन केलं ती बातमी वाचली आणि डोक्यात किडा शिरला, की लिग्निन तर लाकडात असतं, आणि आमच्या बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग पडलेत, निम्म्या चुलीत जातात आणि निम्म्या बोंडअळीच्या भीतीने पेटवून देतात, मग त्याच का नको.

तर केलं असं की पऱ्हाट्या कडबाकुट्टीतून काढल्या, बारीक करायला मिरची कांडपवाल्या काकूंकडे नेल्या तर त्या म्हटल्या, तिखटात काडी निघाली तर गिऱ्हाईक मला कांडेल, चल निघ. शेवटी एका मित्राच्या पल्व्हरायझरवर दळल्या, चाळल्या आणि व्हीजी-30 या रस्त्याच्या ग्रेडच्या डांबरात 10 टक्के टाकल्या, 160 अंशाला. टाकल्याबरोबर डबा असा उकळला की फेस हॉटप्लेटवर आला, लॅबवाले दादा धावत आले, "हाई काय शे रे भो?" म्हणून. अजून तो वास माझ्या शर्टाला आहे.

फेस बसल्यावर सॉफ्टनिंग पॉइंट, म्हणजे डांबर मऊ पडायचं तापमान, काढला तर 49 चा 55 झाला! मी खूश, कारण आपल्याकडे मे महिन्यात डांबर चपलेला चिकटतं, सहा अंश वाढले म्हणजे सोनंच. पण स्ट्रिपिंग टेस्टमध्ये, म्हणजे पाण्यात खडीवरचं डांबर सुटतं का ते बघतात त्यात, वाट लागली. 40 अंशाच्या पाण्यात 24 तास ठेवलेली डांबर लावलेली खडी काढली तर कडा-कोपरे सगळे उघडे, काळ्याचा पत्ता नाही. पंच्याण्णव टक्के लेप टिकायला पाहिजे म्हणतात, माझा निम्मासुद्धा नसेल. गाईड सर म्हणतात विषय बदल. तीन आठवडे उरलेत, मला बदलायचा नाही. काय चुकलं ते कोणी सांगा प्लीज.

रोलरकाका:
बाळा, तीस वर्षं डांबराच्या हॉट मिक्स प्लांटवर काढली आहेत. आधी एक सांग, साधं डांबर लावून त्याच खडीची टेस्ट घेतली का? आपली खडी काळ्या पाषाणाची, ती डांबर चांगली धरते, ग्रॅनाइटसारखी सोडत नाही. साध्या डांबरातही सुटत असेल तर खडीवर धूळ आहे, धुऊन वाळव.

चोपड्याचा_सिव्हिल:
घेतली काका, साधं डांबर एकदम मस्त चिकटून होतं. धुतली नव्हती पण दोन्हीला खडी एकाच घमेल्यातली.

रोलरकाका:
मग खडी निर्दोष. तुझा भुगा पाणी पितोय. आणि फेस आला तो पण पाण्याचाच, उन्हात वाळलेली काडी म्हणजे कोरडी काडी नाही रे. 105 अंशाच्या ओव्हनमध्ये रात्रभर ठेवायची, वजन घटायचं थांबलं की मग डांबराजवळ न्यायची. ते सहा अंश वाढले म्हणून नाचू पण नको, कुठलाही बारीक फिलर टाकला तर डांबर कडक होतंच, दगडाची भुकटी टाकून बघ.

प्रयोगवही:
मी केमिस्ट्री शिकवते. काकांचं बरोबर आहे पण मूळ घोळ वेगळा आहे. तू लिग्निन टाकलंच नाहीस, अख्खी काडी टाकलीस. पऱ्हाटीत लिग्निन साधारण पाव हिस्सा, बाकी सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज, आणि त्यांना पाण्याची भारी ओढ. लिग्निनची रचना कार्बनच्या रिंगांची, डांबराशी जमणारी, म्हणून त्याला बाइंडरमध्ये, म्हणजे खडी धरून ठेवणाऱ्या डांबरात, जागा मिळते. नेदरलँड्समध्ये झीलँडला 2015 साली रस्ता केला तो लिग्निन वेगळं काढूनच. नागपूरच्या पट्ट्यातही पुण्याच्या प्राज कंपनीने तयार केलेलं लिग्निनचं बिटुमन होतं, बातम्यांत 15 टक्के मिश्रण सांगितलं होतं. डेहराडूनच्या आयआयपी या पेट्रोलियम संशोधन संस्थेची पद्धत तिसरीच, ते भाताचा पेंढा हवेशिवाय तापवून निघालेलं तेल वापरतात. कच्चा भुगा यातलं कोणीच टाकत नाही.

चोपड्याचा_सिव्हिल:
अरे देवा. म्हणजे दोन महिने मी डांबरात चुलीचं सरपण कालवत होतो. मॅडम, लिग्निन कॉलेजच्या लॅबमध्ये निघेल का? आणि लागेल किती?

रोलरकाका:
किती ते मी सांगतो. मार्शल टेस्टचा, म्हणजे ठोकून घट्ट केलेल्या खडी-डांबराच्या गोळ्याची ताकद मोजतात त्याचा, एक नमुना 1200 ग्रॅमचा, त्यात डांबर साडेपाच टक्के धर, म्हणजे 66 ग्रॅम, त्याचे 15 टक्के दहाच ग्रॅम. तू आधी साध्या डांबराचं योग्य प्रमाण काढ, मग त्याच प्रमाणावर तीन नमुने साधे आणि तीन लिग्निनचे. तीस ग्रॅम झाले. स्ट्रिपिंग, सॉफ्टनिंग धरून पन्नास-साठात बसतं. प्रत्येक बाजूला 75 ठोके मोजून मार, मध्ये फोन घेऊ नको!

प्रयोगवही:
निघेल. दीड-दोन किलो भुगा घे, उघड्या भांड्यात सगळं लिग्निन सुटत नाही म्हणून जास्तच घे. कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात दोन-तीन तास उकळ, काळंकुट्ट पाणी निघेल, ते गाळून घे. मग त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड थेंबथेंब, पीएच दोनपर्यंत, तपकिरी गाळ खाली बसेल, तेच तुझं लिग्निन. आम्लपणा जाईपर्यंत धू आणि 50-60 अंशाला वाळव. भांडं स्टीलचंच, घरचं जर्मनचं पातेलं अजिबात नाही, कॉस्टिक ते खातं आणि हायड्रोजन सोडतं. गॉगल, हातमोजे, आणि लॅबमध्ये कोणीतरी सोबत असल्याशिवाय हात लावायचा नाही.

रोलरकाका:
आणि हे नाहीच जमलं तर रावेर-यावलला केळीच्या खांबाचा धागा मिळतो. एसएमए (स्टोन मॅट्रिक्स अस्फाल्ट) म्हणून खडी-डांबराचं मिक्स असतं, त्यात डांबर जास्त म्हणून ते गळू नये यासाठी तंतू टाकतात, मिक्सच्या वजनाच्या 0.3 टक्के. तिथे तंतू बाइंडरची जागा घेत नाही, नुसता डांबर धरून ठेवतो. धागा बारीक कापून ओव्हनला वाळव, जाळीच्या टोपलीत मिक्स ठेवून किती गळतं ते मोज. तीन आठवड्यांत हे नक्की होतं, सरांनाही विषय तोच राहिला म्हणता येईल.

चोपड्याचा_सिव्हिल:
काका, मॅडम, दोन्ही करतो. लिग्निन निघालं तर तीन नमुने, आणि केळीचा धागा मामांकडे यावलला आहे, रविवारी जाऊन आणतो. फक्त एक राहिलं, लिग्निनची पावडर डांबरात तळाशी बसणार नाही ना? माझा भुगा रात्रभरात बसला होता.

रोलरकाका:
बसू शकते. नळीत भरून ओव्हनला 163 वर उभी ठेव, मग थंड करून वरचा तुकडा आणि खालचा तुकडा वेगळा कापून दोघांचा सॉफ्टनिंग पॉइंट काढ. तीन अंशांपेक्षा जास्त फरक आला तर तोही रिपोर्टात लिही, लपवू नको, व्हायव्हाला नेमकं तेच विचारतात.