मधुमेह तपासताना फवारणीचा प्रश्न विचारावा का?

काळी माती: मदुराई कामराज विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये तामिळनाडूतल्या खेड्यांचा विदा मांडला. ऑर्गॅनोफॉस्फेट कीटकनाशकांशी नेहमी संबंध येणाऱ्यांत मधुमेहाचं प्रमाण इतरांच्या सुमारे तिप्पट होतं. उंदरांवरच्या प्रयोगात कारणही दिसलं: आतड्यातले जिवाणू हे औषध फोडतात, त्यातून अॅसिटेट बनतं आणि शरीर त्याची साखर करतं. तरी दवाखान्यात चौकशी भाताची आणि चालण्याचीच. "हंगामात किती फवारण्या केल्या, हातमोजे होते का?" हे केसपेपरवर यायलाच हवं.

उपाशीपोटी: विचारा, पण तिप्पट म्हणजे सिद्ध नव्हे. संपर्क आणि साखर एकाच वेळी मोजली, आधी काय झालं ते त्यातून कळत नाही. उलट आहार आणि व्यायामाने मधुमेह होण्याचा धोका तीन वर्षांत 28 टक्क्यांनी घटल्याचं 2006 च्या भारतीय चाचणीत दिसलं, तेही चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर. मला भीती वेगळीच आहे. दोष कीटकनाशकावर गेला की पेशंट मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सोडून "विषारी द्रव्यं काढणारा" काढा घेतो.

काळी माती: काढ्याला माझाही विरोधच. पण अशी चाचणी इथे होणार कशी? माणसांना मुद्दाम कीटकनाशक देता येत नाही. शिवाय ऑर्गॅनोफॉस्फेट काही दिवसांत लघवीवाटे निघून जातं, म्हणून आजच्या नमुन्यावरून दहा वर्षांचा संपर्क कळत नाही. विचारणं हाच मार्ग उरतो.

तिसरा नमुना: मधुमेहाशी जोडल्या जाणाऱ्या इतर रसायनांत पीसीबी (कारखान्यांतली जुनी रसायनं) आणि डीडीई (डीडीटीपासून बनणारं) यांची अडचण वेगळी. ती चरबीत साठतात, त्यामुळे रक्तातली चरबी वाढली की त्यांचा आकडाही वाढतो, आणि मधुमेहात ट्रायग्लिसराइड (रक्तातल्या चरबीचा एक प्रकार) बरेचदा वाढलेलंच असतं. आर्सेनिकचं घ्या: मासे खाल्ल्यावर लघवीतलं एकूण आर्सेनिक वाढतं, पण ते बहुतांशी निरुपद्रवी प्रकारचं. नमुन्याआधी तीन-चार दिवस मासे बंद ठेवावेत, नाहीतर कोकणातला प्रत्येक रिपोर्ट घाबरवेल.

उपाशीपोटी: आणखी एक. शेतमजूर बायकांत रक्तक्षय फार. लोह कमी असेल तर एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) खोटं वाढलेलं दिसू शकतं. तिथे उपाशीपोटी आणि 75 ग्रॅम ग्लुकोजनंतर दोन तासांची साखर बघा, मग फवारणीकडे बोट दाखवा.

काळी माती: मान्य. पण फवारणी सुधारायला रिपोर्टची वाट कशाला? सगळ्यात घातक वेळ मिसळण्याची, कारण तेव्हा औषध दाट असतं आणि हात उघडे. नायट्राइलचे मोजे घाला, काठीने ढवळा. वारा पाठीशी घ्या. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, मऊ ब्रश वापरा. तोंडावरचा ओला रुमाल औषध शोषून नाकाशीच धरून ठेवतो. ते कपडे घरच्या धुण्यात टाकू नका.