मदत हवी आहे: गिटारीचा पिकअप शिट्टी मारतोय, मेणात बुडवू की बदलू?

मंडळी, नवरात्र तोंडावर आलंय आणि माझ्या गिटारीचा ब्रिज पिकअप (तारांखाली, ब्रिजजवळ बसवलेलं, तारांचा आवाज पकडणारं चुंबक-कॉइल) किंचाळतोय, कुणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारजवळ राहतो. नोकरी सांभाळून एका ऑर्केस्ट्रात वाजवतो, गणपतीत मराठी गाणी आणि नवरात्रात गरबा. हल्ली गरब्यालाही मधेमधे डिस्टॉर्शनवाली गिटार लागते, पोरं खूश होतात, पण स्टेजवर आवाज एवढा की शेजारचा ढोलवाला काय म्हणतोय ते त्याच्या ओठांवरून ओळखायचं. गिटार सेकंडहँड आहे, लेस पॉलच्या आकाराची, दोन हंबकर (दोन-दोन कॉइलवाले पिकअप), वर चकचकीत पत्र्याची कव्हरं. घरी छोट्या अँपवर एकदम झकास वाजते. स्टेजवर मात्र गेन (अँपचा जोर) वाढवून मॉनिटरकडे, म्हणजे आमच्याकडे तोंड केलेल्या स्पीकरकडे वळलो की कुकरच्या शिट्टीसारखा बारीक कर्कश आवाज सुरू होतो आणि मी बाजूला सरकेपर्यंत थांबत नाही.

काय काय बघून झालंय ते सांगतो. तारा तळहाताने गच्च दाबून धरल्या तरी शिट्टी चालूच, म्हणजे तारांचा फीडबॅक नाही. गिटारीचा व्हॉल्यूम शून्यावर आणला की बंद, म्हणजे पेडल, केबल, अँप सुटले. नेक पिकअपवर (गिटारीच्या मानेजवळच्या) टाकलं तर जवळजवळ काहीच नाही. पेन्सिलीने ब्रिजच्या कव्हरवर टकटक केलं तर स्पीकरमधून खणखणीत ऐकू येतं, आणि कहर म्हणजे पिकअपला तोंड लावून "हॅलो" म्हटलं तर तेही अँपमधून आलं, बायको आतून विचारते कुणाचा फोन.

दुकानदार म्हणाला नवीन टाका. आमच्या गल्लीत पंखे आणि मोटारींचं वाइंडिंग करणारे एक काका आहेत, ते म्हणाले आण इकडे, वॉर्निशमध्ये बुडवून देतो, दगडासारखा होईल. ऑर्केस्ट्रातला बेसवाला म्हणतो गरम मेण. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद १:
निदान बरोबर आहे, पिकअप मायक्रोफोनिक झालाय, म्हणजे माइकसारखा आजूबाजूचा आवाजच पकडतोय. आत साधारण ४२ गेजची तार असते, ०.०६ मिमीच्या आसपास, केसापेक्षा बारीक नाहीतर तेवढीच, आणि हंबकरच्या एकेका कॉइलवर तिचे हजारो वेढे. ते वेढे सैल असले की मोठ्या आवाजाने लोहचुंबकाजवळ थरथरतात, त्यातून करंट निघतो, तो अँपमधून मोठा होऊन स्पीकरला जातो आणि स्पीकर परत वेढ्यांना हलवतो, असं चक्र. हंबकर म्हणून सुटका नाही, तो लाइटची घूंघूं दाबतो, ही शिट्टी दाबत नाही.

वॉर्निश अजिबात नको. काकांचा हात चांगला असेल पण मोटारीचं वॉर्निश भट्टीत पक्कं करतात, त्या उष्णतेने पिकअपची प्लास्टिकची बॉबिन (तार गुंडाळलेली रीळ) वाकडी होईल, आणि उद्या तार तुटली तर ती सोडवताच येणार नाही. मेण परत वितळवता तरी येतं.

पण मेणाच्या आधी एक करा. शिट्टी चालू असताना अंगठ्याने कव्हर दाबा. आवाज बदलला किंवा थांबला तर कव्हरच हलतंय. खालच्या स्प्रिंगाही कधीकधी वाजतात, पिकअपच्या खाली स्पंजचा तुकडा सरकवून बघा, फुकटात काम होतं.

प्रतिसाद २:
एवढी झंझट कशाला, नवीन घ्या. नाहीतर मॉनिटर जरा फिरवा आणि गेन कमी करा, गरब्यात कोण तुमचा टोन ऐकतंय :)

धागाकर्ता:
ढोलवाल्याचंही हेच मत आहे. प्रतिसाद १ वाले दादा, स्पंजने फरक शून्य, पण कव्हर दाबलं की शिट्टीचा सूर बदलतो, सोडलं की परत तशीच! मागून बघितलं तर कव्हर दोन ठिकाणी डाग देऊन चिकटवलंय त्यातला एक सुटलाय. आता नुसता डाग देऊ का मेणही? आणि कव्हर काढून बुडवायचं की तसंच?

प्रतिसाद १:
डाग द्या आणि मेणही द्या, कव्हरसकटच. कव्हर आणि कॉइलमधली पोकळी भरली पाहिजे, खरी गडबड तिथेच असते. वायरी कशा जोडल्यात त्याचा फोटो काढून मग सोडवा. आधी मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजून लिहून ठेवा, ७ ते ९ किलोओहम असेल बहुतेक, जास्तही असू शकतो, नंतर गार झाल्यावर तेवढाच यायला हवा.

पॅराफिन चार भाग, मधमाशीचं मेण एक भाग. नुसतं पॅराफिन गार झालं की तडकतं. बिनरंगाच्या, बिनवासाच्या साध्या मेणबत्त्या चालतील. डबा पाण्याच्या भांड्यात ठेवायचा आणि इंडक्शन वापरायचं, गॅसच्या उघड्या आचेवर अजिबात नाही, पॅराफिन पेट घेतं. पेटलंच तर झाकण टाका, पाणी चुकूनही नको. थर्मामीटर लावून ६० ते ६५ अंश ठेवा, ७० च्या वर गेलं की बॉबिन मऊ पडायला लागते. पिकअप तारेने लटकवा, बुडाला टेकू देऊ नका. बारीक बुडबुडे येतील, ते थांबेपर्यंत ठेवायचं, १५-२० मिनिटं लागतात. बाहेर काढून वरचं मेण लगेच फडक्याने पुसा आणि हात न लावता गार होऊ द्या.

आणि तासभर वगैरे उकळत बसू नका. गिब्सनच्या सेथ लव्हरने हंबकरच्या पेटंटसाठी १९५५ मध्ये अर्ज केला, ते सुरुवातीचे पिकअप मेण न भरलेलेच होते आणि आज लोक त्यांच्यासाठी वेड्यासारखे पैसे मोजतात. थोडासा हललेला कॉइल जिवंत वाजतो असं माझंही मत आहे, पण तुमच्यासारखं "हॅलो" ऐकू यायला लागलं की मेण हवंच.

धागाकर्ता:
मस्त, धन्यवाद. मधमाशीचं मेण खादी भांडारात बघतो. थर्मामीटर बायकोचा पाकाचा आहे, तो द्यायला ती तयार नाहीये, दुसरा आणावा लागेल. नेक पिकअपलाही लगे हाथ बुडवू का?

प्रतिसाद १:
तो शिट्टी मारत नाहीये ना, मग राहू द्या.