दाराची गोल मूठ ढिली झाली आहे

प्रश्न: आईच्या खोलीच्या दाराची गोल मूठ हलते, पण स्क्रू कुठेच दिसत नाही. आई आत अडकेल अशी भीती वाटते. काय करावे?

उत्तर: आतल्या मुठीच्या मानेवर बारीक छिद्र असते, त्यात खिळा दाबून मूठ ओढली आणि मागची चकती उचकटली की दोन लांब स्क्रू दिसतील. ते आळीपाळीने आवळावेत, कारण एकच बाजू आवळल्यास मूठ तिरकी बसून खटका अडकतो. हे काम करताना दार मात्र उघडेच ठेवावे.

दुसरे उत्तर: दाराच्या कडेला खटक्याभोवती असलेल्या पट्टीचे स्क्रू लाकडात नुसतेच फिरत असतील, तर गूल काढलेल्या आगकाड्या फेव्हिकॉल लावून भोकात ठोकाव्यात आणि रात्रभर वाळू द्याव्यात.

प्रश्नकर्ता: मनापासून आभार. एक स्क्रू जवळजवळ निसटलाच होता.