मदत हवी आहे : एकच गणित, तीच चूक आणि गुण मात्र वेगळे

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी मराठी माध्यमाच्या शाळेत दहावीला गणित भाग १ शिकवते. दहावीच्या तीन तुकड्या आहेत आणि गणिताला आम्ही तिघं शिक्षक. प्रथम सत्राचा ४० गुणांचा पेपर तिन्ही तुकड्यांना एकच होता. तपासताना मात्र ज्याने त्याने आपापल्या तुकडीचा गठ्ठा घेतला. पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी 'अ' आणि 'क' मधल्या दोन मैत्रिणी पेपर घेऊन माझ्यासमोर उभ्या. एकच गणित, दोघींची चूकही तीच. एकीला ४ पैकी ३, दुसरीला १. "बाई, यातलं बरोबर कुठलं?" मला काहीच सांगता आलं नाही, आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

गणित असं होतं : आयताची लांबी रुंदीच्या दुपटीपेक्षा ३ सेमीने कमी आहे, परिमिती ५४ सेमी आहे, तर लांबी व रुंदी काढा. (रुंदी १०, लांबी १७.)

दोघींनी दोन्ही समीकरणं अचूक मांडली, किंमतही नीट घातली. पण ३ × रुंदी − ३ = २७ इथून ३ × रुंदी = २४ असं लिहिलं. रुंदी ८, मग लांबी १३. एका सरांचं म्हणणं, उत्तर चुकलं तर फार तर १. मॅडम म्हणतात, एकच बेरीज चुकली, ३ द्यायला हवेत.

माझ्या तुकडीतल्या एका मुलाने समीकरण न मांडता आकडे घालून घालून १७ आणि १० शोधले, परिमितीचा ताळाही करून दाखवला. मी २ दिले. सर म्हणाले, मी शून्य दिला असता.

त्या रात्री मी माझ्याच गठ्ठ्यातले दहा पेपर पुन्हा तपासले, आधीचे गुण झाकून. चार पेपरांत गुण बदलले. म्हणजे दोष फक्त तिघांच्या मतभेदाचा नाही. पायऱ्यांचे गुण तुम्ही आधी कसे ठरवता? एक चूक पुढे वाहत गेली तर किती वेळा गुण कापायचे? कृपया अनुभवातून सांगा.

सातारचे_काका

ताई, मी निवृत्त गणित शिक्षक. बोर्डाचे पेपर बरीच वर्षं तपासले, पुढे नियामक म्हणूनही काम केलं.

बोर्डात परीक्षकाने तपासलेल्या गठ्ठ्यातले काही पेपर नियामक पुन्हा पाहतो, आणि त्याच्या वर मुख्य नियामक असतो. पण खरं काम त्याच्या आधीच झालेलं असतं. नमुना उत्तर आणि पायरीवार गुणदान ठरलेलं असतं, त्यावर चर्चा होते आणि मगच लाल पेन हातात घ्यायचं. तुमच्याकडे हीच पायरी राहून गेली. पेपर काढतानाच बाजूला गुणदान लिहून ठेवा. लिहायला बसलं की प्रश्नातलीच खोट दिसते, हा माझा नेहमीचा अनुभव.

तुमच्या गणिताचं मी असं केलं असतं : प्रत्येक समीकरणाला १, सोडवणुकीला १, दोन्ही किंमती एककासह लिहिण्याला १. त्या मुलींची चूक सोडवणुकीत, तिथला १ गेला. पुढे ८ वरून १३ ही लांबी त्यांनी बरोबरच काढली आहे, म्हणून शेवटचा १ मिळाला पाहिजे. एकूण ३. एका चुकीची शिक्षा एकदाच. मात्र रुंदी उणे आली आणि मुलाने ती तशीच लिहिली, तर शेवटचा गुण मी देत नाही. आयताची बाजू उणे नसते, हे गणिताचंच ज्ञान आहे.

त्या मुलाबद्दल माझं मत तुम्हा दोघांपेक्षा वेगळं आहे. प्रश्नात 'समीकरणे मांडून सोडवा' असं लिहिलं होतं का? नसेल तर त्याने मागितलं ते दिलं, ताळाही केला. पद्धत हवी होती तर ती प्रश्नात मागायला हवी होती.

आणि एक. अख्खा पेपर एकदम तपासू नका. सगळ्या गठ्ठ्यातला प्रश्न १ आधी, मग गठ्ठा उलटापालटा करून प्रश्न २. प्रत्येक प्रश्न एकाच शिक्षकाने तिन्ही तुकड्यांचा तपासला तर उत्तमच. हुशार मुलाचं पहिलं पान बघून पुढच्या पानावर हात सैल सुटतो, आणि आपल्याला ते कळतही नाही.

लेस्टरची_मावशी

मी इंग्लंडमध्ये माध्यमिक शाळेत गणित शिकवते. इथे सोळाव्या वर्षीच्या जीसीएसई परीक्षेत प्रत्येक गुणावर खूण असते. 'एम' म्हणजे पद्धतीचा गुण, 'ए' अचूकतेचा, 'बी' पद्धतीवर अवलंबून नसलेला स्वतंत्र गुण. पद्धत दिसली की आकडेमोड चुकली तरी 'एम' मिळतो. 'ए' मात्र त्याच्या पद्धतीचा गुण मिळाला असेल तरच. चूक पुढे वाहत गेली तरी कुठे गुण द्यायचा, तेही योजनेत आधीच छापलेलं असतं. काकांनी सांगितलं ते हेच आहे, फक्त इथे त्याला अक्षरं दिली आहेत. तुमच्या योजनेतही अशी अक्षरं घाला, वाद निम्म्याने कमी होतील.

इथे पेपर संगणकाच्या पडद्यावर तपासताना अधूनमधून वरिष्ठांनी आधीच तपासलेली उत्तरं न सांगता मिसळलेली असतात. आपले गुण ठरलेल्या गुणांपासून फार हटले तर तपासणं थांबवतात आणि आधी बोलणं होतं. शाळेत हे झेरॉक्सवर जमेल. पाच-सहा उत्तरं नाव झाकून काढा, तिघांनी वेगवेगळी तपासा आणि मग एकत्र बसा.

बीएड_कट्टा

ताई, स्वतःला फार बोल लावू नका. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी १९१३ मध्ये भूमितीचा एकच पेपर शंभराहून अधिक गणित शिक्षकांकडून तपासून घेतला होता. १०० पैकी गुण २८ पासून ९० च्या वरपर्यंत गेले. त्याआधी त्यांनी इंग्रजीचे पेपर असेच तपासून घेतले होते, तेव्हा लोक म्हणाले की भाषेत हे चालायचंच. गणितात तर तफावत आणखी मोठी निघाली. कुणी फक्त उत्तर बघत होता, कुणी पायरी, कुणी टापटीप.

एक_पालक

शिक्षक नाही, तरी लिहितो. माझ्या मुलीचा दहावीचा पेपर आम्ही छायाप्रत मागवून पाहिला. गुण वाढले नाहीत, पण कुठे गेले ते तिला दिसलं आणि ती शांत झाली. आपल्या बोर्डाच्याच खटल्यात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांना उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क नाकारला होता. २०११ मध्ये सीबीएसईच्या खटल्यात त्याच न्यायालयाने माहिती अधिकाराखाली तो मान्य केला. मधली २७ वर्षं बहुतेक मुलांनी नुसता आकडा बघितला. तुमच्या दोन मुलींना निदान पेपर हातात मिळाला आणि विचारायला बाई मिळाल्या.

खडूफळा

सगळ्यांचे मनापासून आभार. पंधरा दिवसांनी लिहिते आहे.

मावशींनी सांगितलं तसं सहा उत्तरं झेरॉक्स करून तिघांनी तपासली. सहापैकी चारांत फरक. मग काकांची योजना समोर ठेवून दुसरी सहा घेतली, फरक एकातच आला. सर आधी नाराज होते, पण 'एकदाच शिक्षा' त्यांनाही पटलं. प्रश्नात पद्धत मागितली नव्हती, म्हणून त्या मुलाला ४ दिले. पुढच्या पेपरात शब्द नीट घालू.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने त्या एका प्रश्नाचे तिन्ही तुकड्यांचे पेपर मी पुन्हा तपासले. २७ जणांचे गुण वाढतात, पण ९ जणांचे कमी होतात. या ९ जणांचं काय करायचं?

सातारचे_काका

कमी करू नका. हातात दिलेला गुण आपल्या गोंधळासाठी परत घेऊ नये. ही शाळेची अंतर्गत परीक्षा आहे, निवड परीक्षा असती तर मी वेगळं सांगितलं असतं. मात्र त्या नऊ जणांना कुठे काय चुकलं ते पेपरवर लिहून द्या. बोर्डात तो गुण मिळणार नाही.

खडूफळा

तसंच केलं काका. त्या दोघी मैत्रिणींना आता ३ आणि ३.

सोमवारपासून भाग २ चे पेपर. भौमितिक रचनांमध्ये किती फरक चालवून घेता? आम्ही योजना लिहायला बसलो आणि इथेच अडलो.

लेस्टरची_मावशी

आमच्याकडे साधारण २ मिमी आणि २ अंश. कंपासच्या कंसांच्या खुणा दिसल्याच पाहिजेत, नुसती नेमकी आकृती पुरत नाही, आणि हे मुलांना आधी सांगा. तपासायला पारदर्शक कागदावर आकृती काढून ती उत्तरावर ठेवा, काम झटपट होतं. पण ती हाताने काढा. झेरॉक्सवर काढलीत तर आधी पट्टीने मोजून बघा. यंत्र कधीकधी आकृती थोडी लहान करतं आणि मग सगळ्या वर्गाचे गुण विनाकारण कापले जातात.