वाळवणं डब्यात गेली, आता दुपारी काय करू?

पहिलीपाळी (सिडको)

नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात ३१ वर्षं काढून डिसेंबरअखेर निवृत्त झालो. तिन्ही पाळ्या केल्या. पहिली असली की पहाटे साडेपाचला घराबाहेर, दुसरी असली की रात्री बाराला परत, तिसरी असली की दिवसभर पडदे ओढून झोप. ज्या गल्लीत मुलं लहानाची मोठी झाली, त्या गल्लीतले सकाळचे अकरा कसे असतात हे मला माहीतच नव्हतं.

जानेवारी, फेब्रुवारी जड गेले. पेपर वाचून झाला की दिवस संपेना. मग मार्चअखेरीस सौ.ने कुरडयांसाठी गहू भिजत घातले. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, पिळून गाळायचे, रात्रभर निवळू द्यायचं, वरचं पाणी काढून टाकायचं आणि पहाटे चीक शिजवायचा. दरवर्षी हे सगळं माझ्या घरात होत होतं आणि मी झोपलेला नाहीतर कामावर. यंदा सोऱ्या माझ्या हातात आला. गरम चीक वाटीत घालून वर साखर-तूप, हे मी आईच्या हातचं खाल्लं होतं, त्यानंतर आत्ता.

कुरडया गच्चीवर जुन्या साडीवर घातल्या आणि सौ. म्हणाली, कावळ्यांवर लक्ष ठेवा. पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलो. समोर पांडवलेण्याचा डोंगर. दुपारी एकच्या सुमारास कुरडई वरून कडक होते, खाली अजून ओली असते. त्या वेळी ती उलटायची. साडीपासून सुटताना बारीक चर्र आवाज येतो आणि कापडाची वीण तिच्या पाठीवर उमटलेली दिसते. एखादी मोडली तर ती आपली. बाहेरून कुरकुरीत, आतून चिवट, किंचित आंबूस. एक खार रोज त्याच कठड्यावरून यायची, मी टाळी वाजवली की थांबून बघायची.

तिसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनींनी विचारलं, भाऊ, आमचा बटाट्याचा कीस पण तुमच्याच गच्चीवर टाकू का? आठवड्याभरात मी तीन घरांची वाळवणं राखत होतो. इतकं बरं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. खरंच सांगतो.

आता वाळवणं डब्यात गेली. म्हणून विचारतोय. त्र्यंबकला जा, सापुताऱ्याला जा असं सांगणारे पुष्कळ भेटतात. मला ते नको. घरापासून पायी, फार तर सिटीलिंकच्या बसने जाता येईल असं, रोजचं, साधं काही तुम्हाला सापडलंय का?

इंदिरानगरची_सून

भाऊ, आत्तापासून एक बुचाचं झाड हेरून ठेवा. आपल्याकडे जुन्या कॉलन्यांत आहेत बरीच. उंच, सरळ वाढलेलं असतं, आणि खोडावर बोट दाबलं तर साल मऊ लागते. पावसाळा सरला की रात्री शतपावलीला त्याच्याखालून जा. आधी वास येतो, मग पायाशी पांढरी फुलं दिसतात. लांबच लांब दांड्यांची. सकाळी लवकर गेलात तर ओंजळभर मिळतात.

त्याची वेणी करायला सुई-दोरा लागत नाही, दांड्याच एकमेकींत गुंफायच्या. तीन दांड्या घेऊन वेणी घालायला सुरुवात करायची आणि प्रत्येक पेडाला नवं फूल आत सारत जायचं. मला सासूबाईंनी शिकवलं. त्यांचे डोळे आता अधू झालेत, पण बोटं चालतात. ऑक्टोबरात रोज सकाळी त्या मला ‘आज किती पडली?’ विचारतात.

गंगेवरची

आम्ही पंचवटीतले, गोदावरीला गंगाच म्हणतो. दादा, तुम्ही बुधवारी गंगेवरच्या बाजारात या. खरेदी थोडीच करा, पण दर बुधवारी या. एकदा आलात तर नुसती गर्दी दिसेल. चार-पाच बुधवार झाले की कोण कुठे बसतं, कोणाची मेथी कोवळी, हे कळायला लागतं. श्रावणात पेठ-हरसूलकडच्या बायका करटुली घेऊन येतात, वाटे लावून बसतात. मी पहिल्यांदा घेतली तेव्हा त्यांच्यातल्या एका मावशींनी बी कोवळी असेल तर काढू नको म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांच्याकडूनच घेते. मागच्या वर्षी दोन बुधवार त्या दिसल्या नाहीत तर जीव लागेना, तिसऱ्या बुधवारी लेकीच्या बाळंतपणाची बातमी घेऊनच आल्या.

आणि पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बघायला या. बातम्यांत क्युसेक सांगतात, पण आमच्या घरात कोणी क्युसेक विचारत नाही. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं का, कमरेला, की छातीला, एवढंच विचारतात. पुण्याचा दीरसुद्धा फोनवर तेच विचारतो. मी लांब पायऱ्यांवर उभी राहून बघते. शेजारी अनोळखी माणसं असतात आणि सगळे एकाच मूर्तीकडे बघत असतात. पाण्यापासून मात्र लांबच राहा, पूर गंमत करायची गोष्ट नाही.

जाता-जाता नारोशंकराच्या देवळावरची घंटा बघा. १७३९ साली वसई जिंकल्यानंतर तिकडून आलेली. मी लहानपणापासून तिच्याखालून जात-येत होते, मान वर करून नीट बघितली ती चाळिशीनंतर.

ठेवींचं_काउंटर

तुमच्या गच्चीवरून जो डोंगर दिसतो, तिथे मी दर शनिवारी सकाळी जाते. बँकेत २२ वर्षं ठेवींच्या काउंटरला होते, त्यामुळे दहाव्या लेण्यावर माझा विशेष जीव. तिथे क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचा, ब्राह्मी लिपीतला. त्याने लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण (तेव्हाची नाणी) जवळच्या गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, ठेवले. २००० एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, १००० दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं, असंही त्यात लिहून ठेवलंय.

पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात तिथे मुक्काम करणाऱ्या, २० भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी १२ द्यायचे होते. मी ओसरीत बसून हिशेब केला. २००० वर महिना २०, वर्षाचे २४०. वीस बारं २४०. पैशाला पैसा जुळला! त्या दिवशी पायऱ्या उतरताना मला कोणाला तरी सांगायचं होतं आणि खाली चहावाल्यालाच सांगितलं. त्याने दुसऱ्या शनिवारी विचारलं, मॅडम, दुसऱ्या ठेवीचं काय झालं? हजारावर वर्षाचे ९०, तेही सांगितलं. आता मी अक्षरं ओळखायला शिकतेय. दर शनिवारी एक नवं अक्षर भिंतीवर शोधते. ‘क’ सगळ्यात सोपा, अधिकच्या चिन्हासारखा. तुम्ही पण या, आपण दोघे वाचू.

पहिलीपाळी (सिडको)

तिघींचे मनापासून आभार.

काल संध्याकाळी सौ.ला घेऊन बुचाचं झाड शोधायला निघालो. चार गल्ल्या फिरलो. जे झाड मी इतकी वर्षं नीलगिरी समजत होतो, कंपनीची बस जिथे थांबायची तिथलंच, त्याच्या खोडावर बोट दाबलं आणि साल दबली. सौ. म्हणाली, मला माहीत होतं, मी तर दरवर्षी इथून फुलं नेते. देवघरात ती फुलं असायची. मी विचारलंच नव्हतं कधी, कुठून आणतेस.

वीस बारं २४० रात्री जेवताना मुलाला सांगितलं. त्याने कागद घेऊन पुन्हा करून बघितलं. शनिवारी मी डोंगराच्या पायथ्याशी सहाला असेन, पहिल्या पाळीची सवय आहे.

बुधवारी मात्र यायला थोडा उशीर होईल. शेजारच्या वहिनींचे नाचणीचे पापड राहिलेत, तेव्हा दहापर्यंत गच्चीवर बसायचं कबूल केलंय. खार अजून येते.