मोबदला, भरपाई की नुसती ‘रक्कम’?

प्रश्न (धुळे): खासगी बस-ट्राम कंपन्या महापालिकेने किंवा सरकारने ताब्यात घेतल्या, की मालकांना मिळणाऱ्या पैशाला काय म्हणावं? मी लेखात ‘मोबदला’ लिहिलं, संपादकांनी ‘नुकसानभरपाई’ केलं. आमच्याकडे शेत रस्त्यात गेलं की सगळे मोबदलाच म्हणतात.

उत्तर (चाळीसगाव): ताई, मोबदला हा अरबी ‘बदल’च्या घरातला शब्द. काही दिलं, त्याच्या बदल्यात काही घेतलं. ७ ऑगस्ट १९४७ रोजी मुंबईची वीज-ट्राम कंपनी महापालिकेकडे आली. ट्राम, बसगाड्या, वीजव्यवस्था सगळं नव्या मालकाच्या हाती गेलं. तिथे तुमचा शब्द चपखल आहे, बदलायला नको होता.

एसटीच्या मार्गांचं मात्र वेगळं. मोटार वाहन कायद्यात १९५६ साली तरतूद आली: मार्ग सरकारी झाल्यामुळे खासगी परमिट मुदतीआधी रद्द झालं, तर उरलेल्या दर पूर्ण महिन्याला २०० रुपये, आणि एकूण ४०० पेक्षा कमी नाही. दोन वर्षं उरली असतील तर ४,८०० रुपये. पण गाडी मालकाच्याच दारात उभी! सरकारने तिचा नटही घेतला नाही, धंदा तेवढा थांबवला. मग मोबदला कशाचा? तिथे भरपाईच.

धुळे: पण भाऊ, भरपाई म्हणजे भरून पावणं. जुन्या पावत्यांत ‘भरून पावलो’ लिहिलं की बाकी शून्य. महिना २०० रुपयांत कोण भरून पावणार?

चाळीसगाव: अगदी खरं. हा शब्द फार मोठं वचन देतो. जमिनीच्या एका खटल्यात, बेला बॅनर्जी प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली हेच धरलं: भरपाई म्हणजे गेलेल्या मालमत्तेच्या तोडीचं मोल. पुढे १९५५च्या चौथ्या घटनादुरुस्तीने ती पुरेशी आहे का, हे न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेलं. १९७१च्या पंचविसाव्या दुरुस्तीने तर सरकारने मालमत्ता घेण्याबद्दलच्या, घटनेतल्या तेव्हाच्या कलम ३१(२) मधून तो शब्दच काढला आणि ‘रक्कम’ घातला. मला हा बदल फार बोचतो. रक्कम कितीही असू शकते, तिला कशाच्या तोडीचं असावं लागत नाही.

नंदुरबार: आमच्या अक्कलकुवा-धडगावच्या सरदार सरोवर विस्थापितांची मागणी होती जमिनीच्या बदल्यात जमीन. ताई, मोबदल्याचा मूळ अर्थ तिथे शिल्लक आहे.